फोटोखालची अक्षरं

दोस्तहो, आमच्या घरात इंग्रजी आलं ते काचेखालून.

माझा आज्जा परळच्या एका गिरणीत रिंग खात्याला होता. राहायला नायगावची बी.डी.डी. चाळ. एका खोलीत अकरा माणसं, निम्मी दिवसपाळीची आणि निम्मी रातपाळीची, म्हणून मावत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो संप रीतसर मिटला नाही, माणसंच मिटली. आज्जानं दीड वर्ष तग धरला आणि गावाकडं आला. येताना त्याच्यासंगं एक पत्र्याची ट्रंक होती आणि गोधडीत गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो. एस्टीच्या हादऱ्यानं काच तडकू नये म्हणून सगळी रात्र मांडीवर धरून आणला, असं आज्जी सांगते. ट्रंक मात्र टपावर टाकली होती. ती चेपली.

फोटो तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कोट, टाय, चष्मा. खाली नाव आणि नावापुढं इंग्रजी अक्षरांची एक ओळ. एम्.ए., पीएच्.डी., डी.एस्सी., एल्एल्.डी., डी.लिट्., बार-ॲट-लॉ. आज्जाला इंग्रजी येत नव्हतं. मराठीसुद्धा अक्षराला अक्षर लावून वाचायचा. पण ही ओळ तो घडाघडा म्हणायचा. मला मांडीवर घ्यायचा आणि काचेवरनं बोट फिरवायचा. शाळेत जायच्या आधीच मला 'एम्' आणि 'डी' ओळखू येत होते, बाकीची एबीसीडी मागनं आली. त्यातल्या कुठल्या अक्षराचा अर्थ काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मंत्राचा अर्थ कोण विचारतं? मंत्र म्हटलं म्हणून काहींना राग येईल. येऊ द्या. आमच्या घरात त्या ओळीचा मंत्रच झाला होता.

मी नववीत शाळा सोडली. बापाच्या कमरेनं दगा दिला आणि घरात कमावतं कोणी राहिलं नाही. आता इकडच्याच एका सूतगिरणीत आहे, रिंग खात्यातच. पणजा रिंगला, आज्जा रिंगला, मी रिंगला. पणजाच्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालणार? विणाईत पगार जास्त, म्हणून तिथं जानवंबिनवं नसलेल्यांनाही अचानक सोवळं सुचायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला होता. आमच्या घराण्याला मिळालेली पदवी ही अशी. रिंग खातं, तीन पिढ्या.

आता मूळ गोष्टीवर येतो.

एक वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही गिरणीत जयंतीची वर्गणी गोळा करत होतो. पावतीपुस्तकाच्या वर तोच फोटो आणि तीच ओळ. टाइम ऑफिसातला एक कारकून चहा पीत होता. वर्गणी देतो दरवर्षी, नाही कशाला म्हणू. पावती हातात घेऊन त्यानं ती ओळ वाचली आणि हसून म्हणाला, "यातल्या दोन परीक्षा न देता मिळालेल्या आहेत, माहीत आहे का तुम्हाला? मानद. म्हणजे शालश्रीफळासारख्या. कोणालाही देतात." एवढं बोलून त्यानं एकावन्न रुपये दिले आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर कसं द्यायचं ते आपल्याला येतं. हा माणूस माहिती सांगत होता. आणि ती खरी की खोटी ते मला माहीत नव्हतं. मी कविता करतो. स्टेजवर उभा राहून व्यवस्थेला आग लावायच्या गोष्टी करतो. माझ्या बापजाद्यांनी मांडीवर धरून आणलेल्या फोटोखाली काय लिहिलंय हे मला ठाऊक नाही? त्या रात्री तिसऱ्या पाळीला माझ्या साच्यावर इतके धागे तुटले की जॉबर म्हणाला, "काय गा, बायकुशी भांडून आलायस काय?" माझं लग्न झालेलं नाही.

सकाळी सातला पाळी सुटली. नगरवाचनालय नऊला उघडतं. दोन तास पायरीवर झोपलो. कपड्यांना कापूस चिकटलेला, डोळ्यांच्या पापण्यांनाही. ग्रंथपालबाईंनी आधी पाय झाडून या म्हटलं. मग धनंजय कीरांचं चरित्र दिलं आणि दुसऱ्या दिवशी खैरमोड्यांचे खंड कपाटाच्या वरच्या फळीवरनं काढून दिले. बरेच दिवस मी तिथं जात राहिलो. पानावर डोकं टेकून झोपलो तर बाई उठवत नसत.

तर मित्रांनो, कारकून खरं बोलला होता. अर्धं.

एल्एल्.डी. ही कोलंबिया विद्यापीठानं ५ जून १९५२ ला दिलेली मानद पदवी. डी.लिट्. ही हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं १२ जानेवारी १९५३ ला दिलेली, तीही मानद. त्यासाठी परीक्षा नाही की प्रबंध नाही. बाकीच्या मात्र एकेक करून रक्त आटवून मिळवलेल्या. कोलंबियाची एम्.ए. १९१५. लंडनची एम्.एस्सी. १९२१, ती तर आमच्या फोटोवाल्यानं गाळूनच टाकली होती. कारकुनानं दोन कमी केल्या आणि आपल्याच फोटोवाल्यानं आधीच एक कमी केलेली! १९२२ ला बॅरिस्टर. १९२३ ला लंडनची डी.एस्सी., रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून.

आणि पीएच्.डी. ही पदवी वाचताना मी थांबलो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला ते कोलंबियात गेले. प्रबंधाचं काम तिथंच केलं. पण प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी हातात पडत नसे. पुस्तक छापून निघायला १९२५ साल उजाडलं, आणि पदवी मिळाली ८ जून १९२७ ला. तोपर्यंत या माणसाच्या आयुष्यात काय काय होऊन गेलं होतं! बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर असताना सहकाऱ्यांना त्यांच्या हाताचा पाण्याचा माठ नको होता. आणि १९२७ च्या मार्चात महाडला चवदार तळं. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये पदवी जाहीर झाली तेव्हा हा माणूस तिथं रांगेत उभा नव्हता. तो इकडं मुंबईत होता आणि तळ्याचं पाणी आपलं आहे हे सिद्ध करण्यात गुंतला होता.

आता तारखा बघा. ८ जून १९२७ आणि ५ जून १९५२. पंचवीस वर्षांना तीन दिवस कमी. पहिल्यांदा पदवी मिळाली तेव्हा जायला जमलं नाही, पंचवीस वर्षांनी त्याच विद्यापीठानं झगा घालायला बोलावलं.

कोणत्या साली बोलावलं तेही बघितलं पाहिजे. सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिलावरनं त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या जानेवारीत पहिली सार्वत्रिक निवडणूक. ज्यानं सगळ्यांना मताचा हक्क लिहून दिला, त्याला मुंबईत पाडलं. त्याच मुंबईत, जिथं आमचे आज्जे-पणजे रिंग चालवत होते. मग राज्यसभा. साखरेच्या आजारानं अंग पोखरलेलं, पायांत जोर नाही. अशा माणसाला साता समुद्रापलीकडच्या विद्यापीठानं बोलावलं आणि मानपत्रात काय म्हटलं? राज्यघटना घडवणारा, मोठा समाजसुधारक, माणसाच्या हक्कांसाठी खंबीर उभा राहणारा, अशा अर्थाचे शब्द. ज्या कामासाठी इथं दगड खाल्ले त्याच कामाचं नाव तिथं जाहीरपणे घेतलं गेलं. सही-सही तेच नाव. मला त्या पदवीत झगा-टोपीपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पण त्या प्रवासातली एक गोष्ट कीर-खैरमोड्यांपेक्षाही मला जास्त लागली. कोलंबियात त्यांचे एक गुरू होते, जॉन ड्युई. 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे १९३६ चं भाषण आपण सगळे वाचतो, त्यात ड्युईंचं नाव आहे. १९५२ साली ड्युई ९२ वर्षांचे होते. बाबासाहेबांना वाटत होतं, पदवी घ्यायला जातोय तर म्हाताऱ्याची गाठ पडेल. १ जूनला ड्युई गेले. बाबासाहेबांचं विमान तेव्हा वाटेत, रोमला. न्यूयॉर्कला पोचल्यावर त्यांनी माईसाहेबांना पत्रात ते कळवलं, आणि माझं सगळं बौद्धिक आयुष्य या माणसाचं देणं आहे असं लिहिलं. मग दुसऱ्या दिवशी झगा घालून समारंभाला गेले.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बाहेर पायरीवर येऊन बसलो. माझा आज्जा २०१६ साली गेला. एल्एल्.डी. म्हणजे काय हे मला कळलं, पण सांगायचं कुणाला?

त्या समारंभाचा एक फोटो आहे. त्यात बाबासाहेबांबरोबर एक उंच, जाडजूड गोरा माणूस आहे. त्याचं नाव वॉलेस स्टीव्हन्स. अमेरिकेचा मोठा कवी. त्यालाही त्याच दिवशी कोलंबियानं मानद पदवी दिली. हा कवी जन्मभर विमा कंपनीत नोकरी करत होता आणि घरनं कचेरीत चालत जाताना कविता रचायचा, हे कळलं तेव्हा मला उगाच त्याच्याविषयी जवळीक वाटली. मीही साच्यांच्या फेऱ्या मारताना ओळी जुळवतो. पण लगेच भानावर आलो. तो कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट होता, बॉबिन बदलत नव्हता. आणि त्याच्या एका दीर्घ कवितेच्या मथळ्यातच काळ्या माणसासाठीची शिवी आहे. एकाच मंचावर एकाच रंगाच्या झग्यात माणसाच्या हक्कांचा कैवारी आणि हा. झगा काही विचारत नाही.

म्हणून मी आपल्यातल्या काही मित्रांसारखं म्हणणार नाही की अमेरिका म्हणजे स्वर्ग, तिथं गुणांची कदर होते. १९५२ साली त्या देशाच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेत बसायची कायद्यानंच बंदी होती. सुप्रीम कोर्टानं ते मोडलं १९५४ साली. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तर कोलंबियाच्या अगदी शेजारी. बाबासाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रं मागितली होती. आपल्या घरच्या अस्पृश्याला बाहेर ठेवून परक्या अस्पृश्याचा सत्कार करणं तसं सोपं असतं. हे लिहिताना माझा हात थोडा अडखळला, पण खोडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मानपत्रातले शब्दही खरे आणि हार्लेमही खरं.

आता माझ्या डोळ्यांनी बघितलेला एक पदवीदान समारंभ सांगतो.

माझी धाकटी बहीण बी.ए. झाली. आमच्या घराण्यातली पहिली. समारंभाला तिनं भाड्यानं झगा घेतला, अनामत वेगळी. मी रजा टाकून गेलो. मागं पालकांच्या खुर्च्या होत्या, त्यात बसलो. दहाची वेळ होती. सव्वाअकरा वाजेपर्यंत नुसती सनई. कारण ज्यांना मानद डी.लिट्. द्यायची होती ते साहेब यायचे होते. नाव लिहीत नाही. पुष्कळ संस्था त्यांच्या. ते आले. मग कोणीतरी माइकवरनं सांगितलं, कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी उभं राहावं. सगळे उभे राहिले. एक वाक्य वाचलं. खाली बसा. झालं. झाली माझी बहीण बी.ए.! तिचं नाव कुणी पुकारलं नाही. कागद मागनं खिडकीवर मिळाला, सही करून.

मग साहेबांचं मानपत्र. ते वाचायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आम्ही डॉफर पोरं दोन-तीन साचे उतरवतो. गोरगरिबांच्या दारात ज्ञानगंगा आणली, वंचितांच्या झोपडीत दिवा लावला, असं काय काय. माझी बहीण साहेबांच्याच एका कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती सरकारकडून जमा झाली नाही म्हणून तिचं हॉलतिकीट अडवून ठेवलं होतं. आईनं कानातली फुलं मोडली तेव्हा परीक्षेला बसली. ते फुलांचे पैसेही त्या दिव्यात तेल म्हणून गेले असतील.

मानपत्र संपलं. टाळ्या. मी बघितलं, पुढं तिसऱ्या रांगेत बहीणही टाळ्या वाजवत होती.

घरी येताना विचारलं, "तू का गं वाजवल्यास?"

"सगळी वाजवत हुती, दादा."

मी पुढं काही बोललो नाही. तिच्या मांडीवर कागदाची गुंडाळी होती. तिनं ती एस्टीत दोन्ही हातांनी धरली होती. आज्जीनं सांगितलेली गोष्ट आठवली.

कारकुनाचं म्हणणं मला त्या दिवशी नीट समजलं. त्यानं आयुष्यात बघितलेले मानद हे असलेच. पैसेवाल्याला, सत्तेवाल्याला, देणगीवाल्याला. म्हणून त्याला वाटलं, बाबासाहेबांचंही तसंच असणार. त्याचा दोष थोडा, बाकीचा त्या सनईचा. आमच्या शाहू महाराजांनाही केंब्रिजनं १९०२ साली एल्एल्.डी. दिली होती. मला वाटतं, राज्यारोहणाला आलेला संस्थानिक म्हणून दिली असावी. त्याच वर्षी २६ जुलैला त्यांनी पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. खरी पदवी द्यायची तर त्या हुकुमाबद्दल द्यायला हवी होती. लोकांनी १९१९ साली कानपूरला 'राजर्षी' म्हटलं आणि तेच टिकलं. एल्एल्.डी. कोल्हापुरातही कुणाला आठवत नाही. जोतीबांचं तर काय सांगायचं. ११ मे १८८८, मांडवी कोळीवाडा, मुंबई. ना विद्यापीठ, ना झगा. लोक जमले आणि 'महात्मा' म्हणाले.

उस्मानियाचं राहिलं. तिकडं मी भरभर जाणार होतो, पण एक गोष्ट लक्षात आली. १९५३ साली औरंगाबाद हैदराबाद राज्यात होतं. १९५० ला बाबासाहेबांच्या संस्थेनं काढलेलं मिलिंद महाविद्यालय उस्मानियाच्या परीक्षांना बसत होतं. मराठवाड्यातली आपली पहिली पोरं ज्या विद्यापीठाची पदवी घेणार होती, त्यानं ही डी.लिट्. दिली. १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि पुढं गावोगाव आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. फाटकावर नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' हा शब्द ठेवून. हैदराबादेत १२ जानेवारीला त्यांच्या नावापुढं विद्यापीठानं अक्षरं लावली. औरंगाबादेत विद्यापीठापुढं त्यांचं नाव लावायला त्यानंतर एकेचाळीस वर्षं आणि दोन दिवस लागले. आणि मुंबई-पुण्याचं काय? फोटोखालच्या दोन मानद पदव्यांत त्यांची एकही नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिल आला. कारकुनाकडं पावतीपुस्तक घेऊन गेलो. म्हटलं, "साहेब, तुमचं बरोबर होतं. दोन मानद आहेत. बाकीच्या कशा मिळवल्या ते सांगू?" त्यानं घड्याळाकडं बघितलं. म्हणाला, "तुझी पाळी सुरू झाली." पण एकशे एक रुपये दिले. काय समजायचं ते समजा.

त्याच जयंतीला विहाराच्या भिंतीवर मोठा फलक रंगवायचा ठरला. पेंटर अक्षरामागं दहा रुपये घेतो. मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं, नुसती अक्षरं नकोत. प्रत्येक पदवीपुढं साल आणि विद्यापीठ लिहूया. आणि दोन ठिकाणी 'मानद' लिहूया. पहिल्यावर कोणी हरकत घेतली नाही, खर्चाचं बघू म्हणाले. दुसऱ्यावर आग लागली.

आमच्यातला एक तरणाबांड कार्यकर्ता, कॉलेजात जाणारा, माझ्याहून जास्त शिकलेला, उभाच राहिला. "आपल्या बापाला आपणच कशापायी कमी दाखवायचं? लोक टपूनच बसल्यात."

मी म्हटलं, "कमी कुठं दिसतंय? दोन लोकांनी दिल्या, बाकीच्या त्यांनी स्वतः काढल्या. उलट मोठं दिसंल. ज्याला पाच मिळवता येत्यात त्याला दोन दिल्या तर त्याचं काय वाईट?"

"तुला कारकुनानं शिकवलंय हे."

हे मला लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. मी जोरात म्हटलं, "व्हय, त्यानंच शिकवलं. कारण आपल्यापैकी कुणाला ठावं नव्हतं! बाबासाहेबांनी तपासून घ्या म्हणून सांगितलं आणि आपण त्यांचीच पाटी तपासली न्हाई. उद्या तुझ्या पोराला कुणी तेच विचारलं तर तेबी माझ्यासारखंच आ वासून उभं राहील."

कोपऱ्यात तात्या बसले होते, आज्जाबरोबर संपात होते ते. ते म्हणाले, "आरं, पन तिकडं परदेशात त्यांना बोलवून दिली म्हनतोस न्हवं? मग लिवा की 'बोलवून दिली'." सगळे हसले. मला मात्र तो शब्द 'मानद'पेक्षा चांगला वाटला. अजून वाटतो. पण फलकावर बोलवून-बिलवून कसं लिहिणार, म्हणून तो राहिला.

हात वर करून मोजले. 'मानद' लिहायच्या बाजूनं पाच, विरोधात सात. पडलं. मी अध्यक्षांना म्हटलं, ठीक आहे, बहुमत आहे. सालं आणि विद्यापीठं तेवढी लिहिली गेली. निळ्या भिंतीवर पांढरी अक्षरं, पेंटरनं कोलंबियाचा 'ळं' केला होता तो मी उभं राहून बदलून घेतला. त्या कार्यकर्त्यानं माझ्यासाठी शिडी धरली. आम्ही अजून बोलतो, पण त्या विषयावर बोललो की दोघांचाही आवाज चढतो. या अंकासाठी त्यानंही लिहावं असं मी त्याला सांगितलंय. सात लोकांचं म्हणणं काय होतं ते तुम्हाला त्याच्याकडून कळलेलं बरं.

फलक झाला त्या रात्री मी घरचा फोटो भिंतीवरनं उतरवला. मागचा पुठ्ठा वाळवीनं थोडा खाल्ला होता. काच निरम्याच्या पाण्यानं पुसली. माझं इंग्रजी अक्षर वाकडंतिकडं, म्हणून बहिणीला बसवलं. तिनं वहीचा एक लांब कागद कापला, पट्टीनं रेघ मारली आणि एकेका पदवीखाली बारीक अक्षरात साल घालायला लागली. एल्एल्.डी. पाशी थांबली, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता 'मानद' लिहून पुढं गेली. डी.लिट्. खालीही लिहिलं.

मग पेन दातात धरून म्हणाली, "दादा, ती एम्.एस्सी. घालायची का? फोटोवाल्यानं गाळलीया म्हणालतास."

"घाल," मी म्हटलं. "१९२१, लंडन."

जागा थोडी होती. तिनं वरच्या दोन अक्षरांच्या मध्ये, बाण करून, घातली.